न केलेल्या शिरवाळ्यांचा सत्कार

माझ्या व्हिजिटिंग कार्डावर ‘समावेशन व कार्यसंस्कृती प्रमुख’ असं छापलेलं होतं. बोरिवलीतल्या आमच्या सोसायटीत कुणी विचारलं की मी ‘एचआर’ एवढंच सांगून मोकळा व्हायचो. एकदा चुकून ते कार्ड सोसायटीच्या सेक्रेटरींच्या हातात पडलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून ते वाचलं, उलटं करून कोरी बाजूही बघितली आणि म्हणाले, ‘‘ते ठीक आहे, पण काम काय करता?’’ हा प्रश्न मला संस्थेत कुणी कधीच विचारला नाही.

संस्था अंधेरी पूर्वेला, नळ आणि टाइल्सच्या एका दुकानाच्या डोक्यावर. गे, लेस्बियन, ट्रान्स अशा तरुण मुलामुलींसाठी काम करायची. कुणाला घरातून हाकललेलं, कुणाला कॉलेजात रोज छळलेलं, कुणी नुसतंच घाबरलेलं. शनिवारी दुपारी ही मुलं एका मोठ्या खोलीत जमायची, भांडायची, नाचायची, एकमेकांच्या नखांना रंग लावायची आणि जाताना तो पुसून जायची. ते काम खरं होतं. ते करणारी माणसंही खरी होती. दिखाऊ होतं ते सगळं त्यांच्या वरचं, आणि माझी नेमणूक तिथे वरच होती.

मी स्वतः पुरुषावर प्रेम करणारा पुरुष. एकाच माणसाबरोबर संसार करत केस पिकले. सोसायटीत आम्हांला ‘ते दोघे’ म्हणतात, गणपतीत दोघांना मिळून एक नारळ देतात, आणि पुढचं कुणी विचारत नाही. याला भेकडपणा म्हणायचं की शहाणपण, ते ज्याचं त्याने ठरवावं. मला फक्त एवढं कळतं की उपनगरातली अर्धी घरं न विचारलेल्या प्रश्नांवर उभी आहेत, आणि ते प्रश्न विचारायला बाहेरच्या माणसाने जाऊ नये.

आमच्या संचालकांना हे पटणं शक्य नव्हतं. वांद्र्याला जन्म, परदेशात शिक्षण, ऑफिसात अनवाणी वावर. ‘मला सर म्हणू नका’ हे ते इतक्या वेळा सांगायचे की कुणी सर न म्हणता सटकलं तर त्यांच्या लक्षात राहायचं. सगळ्यांनी सगळ्यांना नावाने हाक मारायची असा नियम होता. ऑफिस झाडणाऱ्या मावशी त्यांच्या पहिल्या नावाची हाक मारताना दर वेळी पदर सावरायच्या. संचालकांना त्यात समता दिसायची.

त्या संस्कृतीचं गर्भगृह म्हणजे सोमवारचं वर्तुळ. सकाळी सगळ्यांनी गोल बसायचं, तेही जमिनीवर, कारण खुर्च्यांमुळे म्हणे उतरंड तयार होते. हिशेब बघणाऱ्या बाईंचे गुडघे गेले होते. त्या भिंतीला टेकून उभ्या राहायच्या, त्यामुळे उतरंड काही टळायची नाही. मग संचालक एका पितळी वाटीच्या काठावरून लाकडी दांडकं फिरवायचे आणि तो आवाज विरेपर्यंत आम्ही डोळे मिटून बसायचो. मी त्या वेळात दुपारी डब्यात काय असेल याचा विचार करायचो.

वाटीनंतर गोष्ट. दर सोमवारी एकाने आपल्या घराची गोष्ट सांगायची: घरी कसं सांगितलं, घरच्यांनी कसं स्वीकारलं. गोष्ट दुःखी निघाली की टिश्यूचा खोका सरकवला जायचा आणि संचालक छातीवर हात ठेवून इंग्रजीत म्हणायचे, ‘‘तुझ्या वेदनेबद्दल आभार.’’ मी आधी एका औषध कंपनीत होतो. तिथे माणसांना कामावरून काढतानासुद्धा इतकं निर्लज्ज वाक्य कुणाला सुचलं नव्हतं. गोष्ट सुखाची असली तर मात्र टाळ्या, मिठ्या, आणि पुढे महिनाभर पाहुण्यांसमोर तीच गोष्ट पुन्हा पुन्हा. सक्ती अजिबात नव्हती. फक्त तुमची गोष्ट सांगून झाली नसेल, तर दर सोमवारी संचालक तुमच्याकडे अतिशय प्रेमाने बघत राहायचे.

शनिवारची खोली सांभाळायची ती नाहूरची एक मुलगी. मुलगी म्हणजे तिशीला टेकलेली. मूळचे मालवणकडचे, वडील आधी गिरणीत, गिरणी बंद पडल्यावर एका बँकेत शिपाई, आता निवृत्त. आई घरी. वन रूम किचनमध्ये तिघं. तिची वाकोल्याला एक मैत्रीण होती, आणि ती मैत्रीण तिची कोण आहे हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं. मला नावाने हाक मारणं तिला काही जमलं नाही. ‘दादा’ म्हणायची. मी तिला नियमभंगाबद्दल कधी टोकलं नाही.

त्या प्रेमळ नजरेला कंटाळून तिने एका सोमवारी गोष्ट सांगितली. म्हणाली, एका रविवारी मी आईला सगळं सांगून टाकलं. आई काही बोलली नाही. उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिने शिरवाळे केले. तांदळाच्या उकडीच्या जाड शेवया, नारळाच्या गोड रसात. मला दोनदा वाढले. बस, एवढंच.

वर्तुळ ढसाढसा रडलं. संचालकांनी वाटी छातीशी धरली. मीही, खोटं कशाला बोलू, टिश्यूचा खोका आपल्याकडे ओढला.

जिन्यात तिने मला गाठलं. आधी हसत होती, मग हसता हसता रडायला लागली.

‘‘सगळं फेकलं रे दादा. आईला कायच माहीत नाही. मी पोरांचं समुपदेशन करते, एवढंच माहितीये घरी.’’

‘‘मग शिरवाळे कुठून आणलेस?’’

‘‘ते ती वाढदिवसाला करते माझ्या, दोनदा वाढते. आता म्हटलं, समजा सांगितलंच, तर ती काय करेल? तर तेच आलं ना डोक्यात.’’

‘‘आणि खरंच सांगितलंस तर?’’

तिने नाक पुसलं. ‘‘पप्पा आरडाओरडा करतील, घराबाहेर काढतील, ते चालेल. आई बोलायची बंद होईल. तिचं ना, एकदा बंद झालं की झालं. मावशीशी ती अजून बोलत नाही. मला ते नाही झेपणार, दादा.’’

शनिवारच्या मुलांपर्यंत ही गोष्ट अर्थातच पोचली. मुलं तिला ‘शिरवाळेवाली ताई’ म्हणू लागली. आपल्याही घरी कधीतरी असं होईल, एवढ्या आशेवर काही जण आठवडा काढायची. आता तिला ती गोष्ट मागे घेणं शक्य नव्हतं.

दिवाळी जवळ आली आणि संचालकांना कल्पना सुचली. त्यांना कल्पना सुचली की त्यांचे पाय थंड फरशीवर आपोआप नाचायला लागायचे. ‘पालक सत्कार’ नावाचा उपक्रम. आपल्या मुलांना स्वीकारणाऱ्या आईवडिलांचा त्यांच्या घरी जाऊन शाल-श्रीफळ देऊन सत्कार. इथल्या मातीतली परंपरा आणि आपली मूल्यं, यांचा संगम वगैरे. शालीचा काठ सात रंगांचा. सोबत फोटो काढायला एक मुलगी. आणि पहिला मान कुणाला, तर नाहूरच्या त्या शिरवाळेवाल्या आईला. घरी आधी काही सांगायचं नाही, सत्कार हे सरप्राइज.

मी म्हटलं, आधी तिला विचारू या. कुणाच्या घरी असं अचानक जाऊ नये. संचालक माझ्याकडे करुणेने बघत म्हणाले, ‘‘तुझ्या पिढीची भीती मी समजू शकतो.’’ मग म्हणाले, ती तर स्वतःच वर्तुळात बोलली आहे, आता लपवण्यासारखं काय उरलं? वर्तुळात बोललेलं म्हणजे जगात बोललेलं, असा त्यांचा ठाम समज होता. जमिनीवर बसून आणि वाटी वाजवून माणसाचं हेच होतं. त्याला वाटतं आपल्या सतरंजीपलीकडे जगच नाही.

मी तिला सांगितलं तेव्हा ती पांढरीफटक पडली.

‘‘सांगून टाकू त्यांना, की तू फेकलं होतंस?’’ मी विचारलं.

‘‘वेडा आहेस का? ते सोमवारी वर्तुळात आणतील तो विषय. पोरांना कळेल. पोरांची वाट लागेल रे.’’

यात ती चूक नव्हती. संचालकांनी तिच्या खोट्याचाही एखादा सोहळा केला असता, आणि शनिवारी त्या खोलीत कुणाच्याच आईने शिरवाळे केलेले नसते. मग आम्ही आमची युक्ती काढली. तिने घरी सांगायचं की ऑफिसची माणसं दिवाळीनिमित्त येणार आहेत. आणि मी संचालकांना सुचवलं की त्यांनी इंग्रजीत बोलावं, मी घरच्या भाषेत सांगेन, तेच खरं समावेशक. समावेशक म्हटलं की ते गार व्हायचे. लगेच कबूल झाले.

शनिवारी संध्याकाळी आम्ही नाहूरला गेलो. तिसरा मजला. दारात रांगोळी, घरात शेजाऱ्यांकडून आणलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या. वडिलांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. आईने पदर खोचूनच दार उघडलं. ‘‘येवा, येवा. ह्या काय, सगळा हापिसच इला?’’

संचालकांनी घरात शिरताना चप्पल काढली तेव्हा आपण काहीतरी क्रांतिकारक करतोय असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर होता. इथे सगळेच चपला काढतात, हे त्यांना कोण सांगणार.

भाषण सुरू झालं. तुम्ही या शहराचे खरे नायक आहात, तुम्ही द्वेषाच्या भिंती पाडल्यात, तुम्ही आपल्या लेकीच्या प्रेमाला छत दिलंत, असं बरंच काही इंग्रजीत. ते श्वास घ्यायला थांबले. मी आईवडिलांकडे वळून म्हणालो, ‘‘तुमची मुलगी फार मन लावून काम करते, असं साहेब म्हणतायत.’’

वडील खूश. संचालक चकित. ‘‘मराठी किती नेमकी भाषा आहे!’’

पुन्हा एक लांबलचक तुकडा. मी म्हणालो, ‘‘ऑफिसात सगळ्यांना तिचा आधार वाटतो.’’ यात तर खोटं काहीच नव्हतं. ती स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी होती आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. माझ्या मनात आलं, निभावलं बहुतेक.

शाल वडिलांच्या खांद्यावर पडली आणि तो माणूस विरघळला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सत्काराच्या खुर्च्या मांडलेला माणूस. काठाचे सात रंग त्यांनी कौतुकाने बघितले, नारळ दोन्ही हातांत धरला आणि एकदम म्हणाले, ‘‘एक मिनिट हां. सोसायटीच्या चेअरमनला बोलावतो. फोटोत तो पण पाहिजे.’’ आणि शाल सावरत ते जिना उतरून गेले.

आई एकटी राहिली. तिच्याही खांद्यावर शाल होती. तिने काठ चिमटीत धरून बघितला, बहुधा रंग जातो की काय ते.

संचालकांचे डोळे पाणावले होते. ते खुर्चीवरून उतरून तिच्यासमोर जमिनीवर बसले, अगदी सोमवारसारखे. मला म्हणाले, तिला विचार, त्या रविवारी तिला काय वाटलं. मी आईला विचारलं, ‘‘तुम्ही शिरवाळे कधी करता?’’

‘‘हिच्या वाढदिवसाक. आणि पावणे इले काय,’’ आई म्हणाली.

मी ते काहीतरी वळवून इंग्रजीत सांगितलं. पण त्यांना तेवढ्याने भागेना. त्यांना अश्रू हवे होते, ताजे, कॅमेऱ्यासमोर. त्यांनी मला हाताने बाजूला केलं आणि आपल्या वांद्र्याच्या हिंदीत थेट आईला म्हणाले, ‘‘माँजी, उस दिन जब बेटी ने बताया कि वो लड़की से प्यार करती है, और आपने शिरवाळे बनाए... वो बताइए ना.’’

टीव्हीवरच्या मालिका बघणाऱ्या बाईला एवढं हिंदी कळतं. मला त्या क्षणी त्या माणसाच्या अनवाणी पायांवर नारळ फोडावासा वाटला.

आईने त्यांच्याकडे बघितलं नाही. लेकीकडे बघितलं. लेकीचा चेहरा भिंतीसारखा झाला होता आणि त्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं होतं. बाहेर जिन्यात वडिलांचा आणि चेअरमनचा आवाज यायला लागला होता. आईने शाल खांद्यावर नीट ओढून घेतली.

‘‘हां,’’ ती म्हणाली. ‘‘बनाया ना. शिरवाळा बनाया, रस पन बनाया. दो टाइम खाया उसने.’’

संचालकांनी तिचे पाय धरले. फोटोवाल्या मुलीने तेच टिपलं. तेवढ्यात वडील चेअरमनना घेऊन आत आले, आणि संचालक आईच्या पाया पडतायत हे बघून त्यांची छाती दोन इंच फुगली.

चहा झाला, सगळे उतरायला लागले. मी मुद्दाम मागे राहिलो. जिन्याच्या वळणावर आईने माझं मनगट धरलं. कणीक मळणाऱ्या बाईची पकड.

‘‘तुमका म्हायत होता?’’

‘‘हो.’’

‘‘ह्या सगळ्या लोकांका?’’

‘‘हो. सगळ्यांना.’’

‘‘म्हणजे माका एकटीकच म्हायत नाय,’’ ती म्हणाली. ‘‘आणि शाल माकाच.’’

समावेशनावर मी कितीतरी कार्यशाळा घेतल्या होत्या. समाजाने कुणाला कसं वगळलं, याची चित्रं भिंतीवर लावून मी तास तास बोललो होतो. त्या बाईला आम्ही जितकं सफाईने वगळलं होतं, तितकं तर मला माझ्या समाजानेही वगळलं नव्हतं.

‘‘हेंका, हिच्या पप्पांका, कळाक नको,’’ ती म्हणाली, मनगट सोडलं आणि वर निघून गेली. लेक दारात उभी होती. आई तिच्या बाजूने आत गेली, एक अक्षर न बोलता.

खाली संचालक रिक्षा शोधत होते. त्यांच्या मते हा त्यांच्या आयुष्यातला सर्वांत सुंदर दिवस होता. मी सांगितलं, यातला एकही फोटो बाहेर गेला तर मी त्याच दिवशी नोकरी सोडेन आणि का सोडली ते विश्वस्त मंडळावरच्या प्रत्येकाला सांगेन. ‘‘तुझ्यात खूप राग साठलाय,’’ ते हळुवारपणे म्हणाले. पण फोटो गेले नाहीत. माझी नोकरी त्यांना प्यारी नव्हती, मंडळाची शांतता होती.

सोमवारी वर्तुळ भरलं. संचालकांनी नाहूरची गोष्ट सांगितली, त्यात आपण पाया पडलो तो भाग दोनदा. टाळ्या झाल्या. ती मांडीवर एक स्टीलचा डबा घट्ट धरून बसली होती. डोळे सुजलेले. वाटी वाजली तेव्हा मी डोळे मिटले नाहीत. तिनेही मिटले नाहीत.

नंतर आम्ही जिन्यात बसलो. मी विचारलं, ‘‘बोलली?’’

‘‘शनिवारी रात्री नाही. रविवारी सकाळी पण नाही. म्हटलं, झालं, मावशीसारखंच झालं. पप्पा आपले शाल पांघरून शेजारी फिरतायत. ते भाजी आणायला बाहेर पडले, आणि आतून हाक आली. ‘दाबूक ये.’ ’’

शिरवाळ्यांची उकड गरम असतानाच साच्यातून दाबावी लागते, आणि ती इतकी चिवट असते की एकीने साचा धरायचा आणि दुसरीने दाबायचं. एकटीच्याने ते होत नाही. मायलेकी समोरासमोर उभ्या राहून दाबत होत्या. आई रडत होती आणि रडता रडता ‘‘सरळ धर’’ म्हणून ओरडत होती.

‘‘मग म्हणाली,’’ ती सांगायला लागली आणि तिचा आवाज आईसारखाच झाला, ‘‘ ‘माका ह्या काय पटलेला नाय. ता वेगळा. पण तू चार लोकांत सांगितलंस, मिया शिरवाळे केलंय म्हणान. मिया न केलेल्याची शाल मी घेवचंय नाय.’ मग मला वाढले. दोनदा. आणि मग शालीची घडी घालून ती कपाटात ठेवली.’’

तिने डबा उघडला. पांढरे शिरवाळे, बाजूच्या वाटीत वेलचीचा वास येणारा रस. एवढ्यात संचालक पितळी वाटी बगलेत मारून जिना चढत वर आले. डबा बघून थबकले. ‘‘हे म्हणजे तेच का?’’ त्यांनी हात पुढे करत इंग्रजीत विचारलं.

मी झाकण लावलं.

‘‘उसळ आहे,’’ मी म्हणालो. ‘‘तिखट आहे. तुम्हांला नाही सोसायची.’’

ते हसून वर गेले. आम्ही डबा पुन्हा उघडला.